चिंधीचा प्रवास : तगरच्या बाजारपेठेपासून घटस्थापनेच्या वाकळेपर्यंत

पितृपंधरवडा सरत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या विहिरी, ओढे आणि तेरणेचा काठ वाकळांनी भरून जातो. घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, हा तुळजाभवानीच्या मुलखातला दंडक. ओली वाकळ एकट्या बाईला पिळता येत नाही. दोघी दोन टोके धरून तिला पीळ देतात आणि मग ती खडकावर पसरतात. त्या एका वाकळेत एका घराच्या दोन-तीन पिढ्या वाळत पडलेल्या असतात: आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, कुणाचा फाटलेला सदरा, कुणाचा परकर.

या जिल्ह्याचा कापडाशी असलेला संबंध दोन हजार वर्षांचा आहे. इतिहासात मात्र नव्या कापडाचीच नोंद होते, कारण त्याच्यावर जकात बसते आणि त्याचा व्यापार होतो. जुन्या कापडाचे पुढे काय झाले, ते कोणी फाडले, कोणी जोडले, कोणाच्या अंगावर ते स्वखुशीने आले आणि कोणाच्या अंगावर सक्तीने, हा या थ्रेडचा विषय आहे.

आरंभ तेरपासून करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे सागरी व्यापाराचे टिपण लिहिले. त्याच्या ५१ व्या परिच्छेदात दख्खनमधल्या दोन ठळक बाजारपेठा येतात: पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. पैठणहून मौल्यवान खडे भडोचच्या बंदराकडे जात आणि तगरहून कापड. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर होय असे दाखवून दिले. पुढे शेकडो वर्षांनी कोकणातले शिलाहार राजेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. गावाचा दबदबा एवढा टिकला होता.

पेरिप्लसकाराने तगरच्या मालाची जी यादी दिली आहे, तिच्यात तलम मलमल आहे, ‘मोलोखिना’ नावाचे एक वेगळे कापड आहे. पण यादीच्या अग्रभागी आहे ते पुष्कळसे साधे, जाडेभरडे कापड. रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून ते भडोचला पोचत असे, असेही तो सांगतो. दख्खनच्या प्राचीन वैभवाच्या वर्णनात मलमलीचे कौतुक नेहमी होते. व्यापाराच्या टिपणात मात्र जाड्याभरड्या कापडाला पहिली जागा मिळाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मजूर, खलाशी, गुलाम, शिपाई यांना लागणारे कापड तेच.

ते कापड आज कुठे आहे? तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मृण्मूर्ती आहेत, हस्तिदंताचे काम आहे, मणी आहेत. सुती कापड मात्र दख्खनच्या पावसाळी मातीत शतकानुशतके तग धरत नाही. ते टिकले समुद्रापलीकडे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे रोमन काळातले बंदर होते. तिथल्या कोरड्या वाळूतल्या उकिरड्यांत पुरातत्त्वज्ञांना भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडले, त्यांत शिडाच्या कापडाचेही. ते भारतीय आहेत हे कशावरून ओळखले? सुताच्या पिळावरून. इजिप्तमध्ये सूत कातताना पीळ इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या तिरक्या रेषेसारखा पडे, भारतात तो ‘झेड’सारखा. म्हणजे त्या काळच्या भारतीय कापडाचा जो प्रत्यक्ष पुरावा आज हातात धरता येतो, तो वापरून झालेल्या, फेकून दिलेल्या चिंध्यांचा आहे. त्यांतली एखादी तगरची असेलही. ते सिद्ध करण्याचा मार्ग नाही.

तेरमधले त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर पाहिलेल्यांना त्याची गजपृष्ठाकार मागची बाजू आठवेल. ते मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या चैत्यात ज्यांचा वावर होता, त्या भिक्षूंचे कापडाविषयीचे नियम विनयपिटकात सविस्तर आले आहेत. जुन्या कापडापासून वस्त्र शिवण्याचे इतके जुने आणि इतके तपशीलवार शास्त्र भारतात दुसरे क्वचितच आढळेल.

संघाच्या आरंभीच्या काळात भिक्षूचे वस्त्र म्हणजे ‘पंसुकूल’: धुळीत पडलेल्या, उकिरड्यावर टाकलेल्या, स्मशानात सोडून दिलेल्या कापडाचे तुकडे वेचायचे, धुवायचे, रंगवायचे आणि जोडून अंगावर घ्यायचे. पुढे वैद्य जीवकाने उत्तम कापड अर्पण केले, तेव्हा गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची मुभा मिळाली. अडचण लगेच उभी राहिली. नवे अखंड कापड मौल्यवान; त्याच्यावर चोराचाही डोळा आणि भिक्षूच्या मनातल्या मोहाचाही. तोडगा असा निघाला की नवे कापडसुद्धा आधी कापायचे, तुकडे करायचे आणि मग जोडायचे. मगधातली बांधांनी आखलेली भातखाचरे दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारले, या बेताने चीवर शिवता येईल का? आनंदाने शिवून दाखवले. आजही भिक्षूंच्या चीवरावर त्या शेताच्या बांधांसारखे जोड दिसतात. कापलेल्या कापडाला बाजारात भाव येत नाही, हा त्यामागचा व्यवहार. गंमत अशी की भारतात परदेशातून येणारे जुने कपडे पुनर्वापराच्या कारखान्यांकडे जाण्यापूर्वी कापून निकामी केलेले असावेत, हा आधुनिक आयातीचा नियमही त्याच तर्कावर उभा आहे: कापले की विक्री संपली.

विनयपिटकातला दुसरा प्रसंग कौशांबीचा. राजा उदयनाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला हे फार वाटले. एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे त्याने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ, आनंद म्हणाला. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पलंगावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे? गादीच्या खोळी. खोळींचे? जमिनीवरची बिछायत. तिचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि फडकी फाटली की? ती कुटून चिखलात कालवायची आणि त्या चिखलाने जमीन लिंपायची. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या घरातल्या बाईला ही गोष्ट सांगितली तर तिला तिच्यात नवल वाटणार नाही. तिच्या घरातली साखळी हीच होती, फक्त नावे वेगळी.

नऊवारी लुगडे सर्वांआधी विरते ते बसण्याच्या जागी. काठ आणि पदर शाबूत असतात, मधला पट्टा जाळीसारखा होतो. अशा वेळी लुगड्याला ‘दंड’ घालत. विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे. प्रसंगी दोन वेगवेगळ्या लुगड्यांची धड अंगे घेऊन एक नेसते लुगडे उभे करायचे. जोड निऱ्यांत लपेल असा बेत साधणे, यात शिवणारीचे कसब. दंड घातलेले लुगडे म्हणजे ओढग्रस्तीच्या संसाराची खूण, असा या शब्दाचा अर्थ मराठीत रूढ झाला, त्यामुळे त्यातली हिकमत झाकोळली. कापड कुठे झिजते, कुठे ताण येतो आणि कुठे दिसत नाही, याचे पक्के ज्ञान असल्याशिवाय दंड घालता येत नाही. ठिगळ त्या मानाने सोपे. त्याने मात्र म्हणींत जागा पटकावली. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावायचे, हा प्रश्न दुष्काळाच्या प्रदेशात निव्वळ अलंकारिक राहत नाही.

दंडाचेही आयुष्य संपले की लुगड्याचा मुलीसाठी परकर निघे, बाळासाठी झबले, कुंची, दुपटे. तान्ह्या बाळाला बारशापर्यंत नवे कापड घालायचे नाही, ही अनेक घरांतली रीत. अनेकदा धुऊन मऊ पडलेले सूत नाजूक कातडीला बोचत नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे. त्यानंतर झोळी, शिदोरी बांधायचे धडपे, हंड्याखालची चुंबळ, चिंध्यांची बाहुली, दिवटीचा काकडा. आणि अगदी शेवटी पोतेरे: शेण-मातीने चूल आणि जमीन सारवायचे फडके. आनंदाची साखळीही जमीन लिंपण्यापाशीच थांबते. कौशांबी आणि तेरणाकाठ यांच्यात शेकडो कोसांचे आणि दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. या घरांनी विनयपिटकावरून काही घेतले, असा याचा अर्थ नव्हे. सूत महाग आणि मनुष्याचे हात मोकळे असतील तेव्हा कापडाचा शेवट सगळीकडे असाच होतो.

वाकळ या साखळीच्या मध्यावर जन्मते. जमिनीवर एक मजबूत लुगडे किंवा धोतर पसरतात, त्यावर जुन्या कापडांचे थर बसवतात, सुरकुती राहू नये म्हणून हाताने पुन्हा पुन्हा सारखे करतात आणि वरून दुसरे आच्छादन घालतात. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. कडेने फिरत फिरत आत, किंवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरळ ओळींत. टाक्यांची ओळ जितकी दाट, तितकी वाकळ टिकाऊ. सुया, दाभणे, मणी विकणाऱ्या फिरत्या बाया गावात आल्या की धान्याच्या मापावर सौदा होई. काम उन्हाळ्यातले, शेत रिकामे असतानाचे, आणि बहुधा दोघी-तिघींनी मिळून करायचे. उमरगा-नळदुर्गाच्या पलीकडे कन्नड मुलखात हिलाच कौदी म्हणतात. बंगालात काँथा, जपानच्या उत्तर भागातल्या गरीब शेतकऱ्यांत बोरो. बोरोचे जुने नमुने आता जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेले आहेत. वाकळेच्या वाट्याला तो मान फारसा आला नाही.

येथे शिंप्याचा उल्लेख करायला हवा. धोतर, लुगडे, पागोटे, उपरणे ही मूळची न शिवलेली वस्त्रे. शिंप्याकडे जाई ती चोळी, अंगरखा, कुंची. घरातले जोडकाम बायांच्याच हाती होते. तेरच्या लोककथेत मात्र एक शिंपी ठळकपणे येतो. गोरोबाकाकांनी संतमेळ्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर थापटण्याने ठोकून मडकी पक्की की कच्ची ते पाहिले आणि कच्चे ठरले ते शिंप्याच्या कुळातले नामदेव, अशी ती कथा. कुंभाराच्या गावात शिंप्याची परीक्षा कुंभाराच्या मापाने झाली, एवढेच.

इथवरची कथा काटकसरीची आणि हिकमतीची आहे. तिची दुसरी बाजू तितकी सुखद नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी जे नियम सांगितले आहेत, त्यांत त्यांची वस्त्रे मृतांची असावीत असे विधान आहे. पंसुकूल वेचणारा भिक्षू स्मशानातले कापड उचलतो. इथेही कापड स्मशानातलेच. भिक्षूने ते उचलले तर तो त्याग ठरतो आणि त्याला वंदन केले जाते. चांडाळाच्या अंगावर तेच कापड ओळखचिन्ह म्हणून लादले जाते, आणि ते पाहून लोक दूर होतात. एकाच स्मशानातल्या एकाच कापडाचे हे दोन इतिहास आहेत. फरक एवढाच, की एकाला ते नाकारता येत होते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे केवळ ग्रंथातले विधान राहिले नाही. महारकीच्या बावन्न हक्कांची जी परंपरा सांगितली जाई, आणि जिचा संबंध बिदरच्या बादशहाशी जोडला जाई, तिच्यात मढ्यावरचे कापड हाही एक ‘हक्क’ होता. गावाची ओझी वाहायची, मेलेली जनावरे ओढायची, सरपण फोडायचे, निरोप पोचवायचे, आणि मोबदल्यात शिळी भाकरी व प्रेतावरचे वस्त्र घ्यायचे. हक्क हा शब्द येथे किती ओझे वाहतो आहे, हे वेगळे सांगायला नको.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले आणि बोलण्याचा मोठा भाग वस्त्रांविषयी होता. लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे जड दागिने का टाकावेत, हे त्यांनी सांगितले. कोणी काय नेसावे यावर दुसऱ्याला बंधन घालता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. फाटक्या आणि ठिगळाच्या कापडाची त्यांनी लाज बाळगायला सांगितली नाही. ते स्वच्छ असावे, एवढा आग्रह धरला. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. ठिगळ आणि उतरलेले वस्त्र यांतला भेद त्या भाषणात नेमका पकडलेला आहे. ठिगळ आपल्या हाताने लावलेले असते. मढ्यावरचे कापड दुसऱ्याने ठरवून दिलेले असते.

चौदा वर्षांनी हाच प्रश्न धाराशिव जिल्ह्यात आला. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवर कसबे तडवळे हे स्थानक होते. बार्शीहून पुढे वाढवलेली गाडी तिथे १९०७ च्या सुमारास पोचली आणि १९११ मध्ये लातूरला गेली. या गाडीने मुलखातला कापूस बाहेर नेला आणि गिरणीचे स्वस्त कापड आत आणले. त्याच तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतन म्हणजे जमीन आणि हक्क, असे वरवर दिसते. त्या वतनाच्या दुसऱ्या टोकाला गावाची वेठ आणि मढ्यावरचे कापड बांधलेले होते. तगरहून गाड्या भरभरून कापड जात असे, त्या तेरच्याच शेजारच्या भागात ही परिषद झाली, हा योगायोग असला तरी डोळ्यांत भरणारा आहे.

त्याच काळात महाराष्ट्रभर फिरणारा एक माणूस चिंध्या मुद्दाम अंगावर वागवत होता. परीट कुळात १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. कपडे धुण्याचा ज्या जातीचा व्यवसाय, त्या जातीतल्या माणसाने आयुष्यभर तुकडे जोडलेले वस्त्र घातले. लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. हाती खराटा, डोक्यावर फुटके गाडगे. त्यांचे वस्त्र ठिगळांचे होते, पण त्यांचा सारा उपदेश स्वच्छतेचा. महाडच्या भाषणातला आग्रह आणि गाडगेबाबांचा वेश एकाच मुद्द्यावर येऊन मिळतात.

तिसरे रूप पोतराजाचे. कमरेला रंगीबेरंगी खणांच्या आणि चिंध्यांच्या तुकड्यांचा घागरा, हातात कोरडा, सोबत मरीआईचा देव्हारा. दारोदारच्या कापडाचे तुकडे जोडलेला हा घागरा पाहायला देखणा. तो वंशपरंपरेने वाट्याला येत असे, आणि दलित चळवळीतल्या अनेकांनी तो निश्चयाने उतरवला. संग्राहकाला त्यात लोककला दिसते. उतरवणाऱ्याला काय दिसत होते, हेही त्या वस्त्राच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात टंचाई सर्वांच्याच दाराशी आली. ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते आणि १९४३ मध्ये तिथल्या सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरा, असे शिकवणारी पुस्तिका काढली. भारतात १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा आदेश निघाला आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला. लंडनच्या गृहिणीला पुस्तिकेतून शिकावे लागले ते इथल्या बाईला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तिच्या अंगावरचे लुगडे आधीच दंडाचे होते.

साखळी तुटली ती टंचाईने नव्हे, मुबलकतेने. १९७० नंतरच्या दशकांत पॉलिएस्टरच्या साड्या खेड्यापाड्यांत पोचल्या. त्या विरत नाहीत, म्हणून दंड घालण्याची वेळ येत नाही. पाणी शोषत नाहीत, म्हणून त्यांचे दुपटे होत नाही आणि पोतेरेही होत नाही. शिवाय फरशी आली, सारवायची जमीन गेली. साखळीचे शेवटचे टोकच नाहीसे झाले. वाकळ उरली, पण आता तिच्या थरांत रंग न उतरणाऱ्या, घाम न टिपणाऱ्या साड्या असतात. थंडीत ती भागवते. उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

शहरांत आता जुने कपडे विकत घेऊन ते उसवणे, कापणे, नव्याने शिवणे याची आवड तरुणांत वाढते आहे आणि ती स्वागतार्ह आहे. ही आवड जोपासताना एवढे मात्र विसरता येत नाही, की दुसऱ्याने वापरलेले वस्त्र आवडीने घालायला नवे वस्त्र घालण्याची मुभा आधी असावी लागते. ज्यांच्या आजोबांना ती मुभा नव्हती, त्यांच्या घरात सणाला कोऱ्या कापडाचा आग्रह आजही कडक असतो, आणि तो उधळेपणा नसतो.

तेरणेकाठी धुताना एखादी वाकळ हातात फाटते. तेव्हा तिची शिवण उसवावी लागते. वरचे लुगडे दूर केले की आत पुष्कळदा दुसरी, लहान, जुनी वाकळ निघते. कोणीतरी ती न उसवता तिच्यावरच नवे आच्छादन घातलेले असते. तिच्या आत सुती लुगड्याचा काठ असतो, रंग पुसट झालेला, पण सुताला अजून बळ असते. धड निघालेले तुकडे नव्या थरात जातात. उरलेले, अजून सारवण होणारी चूल घरात असेल तर, पोतेऱ्याला.